पास्कूची सिंगापूर

पास्कूचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही चांगलं लिहिलंच तर त्यात माझा मोठेपणा कोणी शोधू नये. तो आता भुईगावात राहत नाही. बायकोला घेऊन मुलीकडे गेला, कोरड्या हवेच्या गावी. आमच्या कोंबड्यावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अजून कोणीतरी 'पास्कू अंकल असते तर' अशी सुरुवात करतं आणि माझं डोकं फिरतं. आम्ही इथे आहोत ना, आम्हाला विचारा की.

मी सांडोरचा. घरची केळीची वाडी आहे, पण जन्म गेला औषधांच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. निवृत्त झाल्यावर वाडीत कोंबड्या आणि जपानी लावे पाळायला लागलो. माझं काम नीटनेटकं. कोंबड्यांचं खुराडं जमिनीपासून उचललेलं, मुंगूस शिरू नये म्हणून खाली बारीक जाळी. लाव्यांचे पिंजरे वेगळे, त्यांच्या खाली विष्ठेचे ट्रे, ते रोज धुतलेले. मानमोडी रोगाची लस वेळच्या वेळी. आजारी पक्षी बाजूला ठेवायला वेगळी खोली. आमच्या सुलभाचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं असं, की आपल्या घरात स्वयंपाकघरापेक्षा खुराडं स्वच्छ आहे. ती हे कौतुकाने म्हणते असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आणि एवढं करून काय, तर माझी एकही कोंबडी माझ्याजवळ यायची नाही. मी वाडीत पाऊल टाकलं की सगळ्या पलीकडच्या कुंपणाला. त्यांचं तरी काय चुकलं? मी आलो म्हणजे कोणाला तरी पकडणार, चोच उघडून बघणार, टोचणार. मला कळत होतं सगळं. तरी वाटायचं, एखादी तरी यावी. चप्पल वाजली की धावत यावी, पायात घोटाळावी. माझी एवढीच इच्छा होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

पास्कूकडे सगळ्या यायच्या.

तो मूळचा पाचूबंदरचा, मच्छीमाराच्या घरातला. पण होडीवर गेला नाही, मोठ्या जहाजांवर फिटर म्हणून गेला आणि जग फिरून भुईगावला सासऱ्याच्या वाडीत येऊन राहिला. बायकोचं नाव एलिस. पास्कू जाडजूड माणूस, कायम हाफ पँट, अंगात गंजीफ्रॉक, आणि डोक्यावर कुठल्यातरी बंदरात घेतलेली टोपी, जिच्यावरची अक्षरं केव्हाच उडून गेली होती. पहिल्यांदा मी त्याच्याकडे गेलो तो ग्रुपवरच्या फोटोंमुळे. फोटोतल्या कोंबड्या अशा तुकतुकीत, की मला वाटलं हा काय खाऊ घालतो ते बघून यावं.

बघितलं. कालचे शिळे पाव चहात बुडवून घालत होता.

वाडीत तर नुसता गोंधळ. जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम आडवा टाकलेला, त्यात दोन कोंबड्या अंडी घालायला बसलेल्या. एकीने स्कूटरच्या हेल्मेटमध्ये बस्तान मांडलेलं. पास्कूला कुठे जायचं असलं की तो तिला हळूच उचलायचा, अंडं काढून एलिस वहिनींच्या हातात द्यायचा आणि तेच हेल्मेट घालून निघायचा. लाव्यांचा पिंजरा म्हणजे दार नसलेलं जुनं फळीचं कपाट, त्याला मासेमारीचं जाळं बांधलेलं. मी विचारलं, "लस कधी दिलीत?"

"दिली असंल एलिसनी," तो म्हणाला.

"एकूण कोंबड्या किती आहेत?"

त्याने वाडीभर नजर फिरवली. "हाईत बऱ्याच. कयाला मोजायच्या? मोजल्या की एखादी कमी निगते."

कोंबड्यांना त्याने बंदरांची नावं ठेवली होती. एक रॉटरडॅम, एक मोंबासा, एक कोलंबो. तो नुसता खाली बसला तरी सगळी बंदरं त्याच्याभोवती गोळा. कोणी मांडीवर चढतंय, कोणी टोपीवर चोच मारतंय. तो त्यांच्याशी बोलत राहायचा, "काय गो मोंबासा, आज तोंड कयाला पारलंस?" आणि मोंबासा खरोखरच काहीतरी कुरकुर करायची. मी बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वहिनींनी दिलेला चहा पीत हे सगळं बघत होतो. चहा चांगला होता. मला तो गोड लागला नाही.

या सगळ्यांत एक होती सिंगापूर. तपकिरी, गावठी, दिसायला अगदी साधी. पण खुडुक बसण्यात तिच्यासारखी अख्ख्या वसईत नसेल. ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सगळ्याच कोंबड्या अंडी उबवत नाहीत. जिला ती लहर येते ती खुडुक होते, अंड्यांवर बसते आणि उठवली तरी उठत नाही. लाव्यांचं तर त्याहून वाईट. पाळीव लावी अंडं घालते आणि विसरून जाते. म्हणून आम्हा लावेवाल्यांना एकतर थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून पिल्लं काढावी लागतात, नाहीतर खुडुक कोंबडीचे पाय धरावे लागतात. आमच्याकडे रीत अशी, की कोणाची कोंबडी खुडुक झाली की बाकीच्यांनी आपली अंडी तिच्याखाली नेऊन ठेवायची आणि निघालेल्या पिल्लांतली अर्धी कोंबडीवाल्याला द्यायची.

"आमचं जहाज सिंगापूरला अडकलेलं," पास्कू सांगायचा, "हालंच ना. ही पन तशीच. बसली की बसली."

माझ्या कोंबड्या खुडुक व्हायच्या नाहीत असं नाही. व्हायच्या, पण दोन दिवसांत उठायच्या. पास्कू म्हणायचा, "अरून, तू सारखा हात घालून बघतंस. तुज्या बायकोनी दर घटकंला तुज्या अंगावरची चादर वर करून बघितली तर तू झोपशील?" सुलभा तिथेच होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

आता ती असीलची गोष्ट. ग्रुपवर ती इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यातून मी जवळजवळ बाहेरच पडलोय, म्हणून मीच सांगतो. माझ्याकडे एक असील, म्हणजे झुंजीच्या जातीची, कोंबडी होती. मोठ्या खटपटीने मिळवलेली, उंच, ताठ मानेची. एका सकाळी मी तिला मोकळी सोडली आणि मुंगसाने तिला केळीत गाठलं. मागे राहिली तिची सहा अंडी. माझी बल्बची पेटी तेव्हा बिघडलेली. सिंगापूर नुकतीच खुडुक झाली होती. मी ती अंडी कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन भुईगावला गेलो आणि पास्कूच्या हवाली केली. त्याने ती माझ्यासमोर सिंगापूरखाली सरकवली. तिने त्याच्या हाताला चोचही लावली नाही. मला फोडून काढलं असतं.

मी गेल्यावर त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपमधला मिलिंद तिथे आला. हा विरारचा फ्लॅटवाला, गॅलरीत लावे पाळतो. त्याने लाव्याची डझनभर अंडी आणली होती. पास्कूने तीही सिंगापूरखाली ढकलली. "जागा हाय, जाऊ दे," म्हणाला. कोंबडीचं पिल्लू निघायला तीन आठवडे लागतात आणि लाव्याचं तीन-चार दिवस आधीच बाहेर येतं, ही गोष्ट कालपरवा लावे पाळायला लागलेल्यालाही ठाऊक असते. पास्कूला ती ठाऊक नव्हती असं नाही. त्याने तिचा विचार केला नाही. तो कशाचाच करायचा नाही.

व्हायचं तेच झालं. लाव्याची पिल्लं निघाली, अंगठ्याएवढी, नुसती पळणारी. सिंगापूरला वाटलं, झालं आपलं काम. ती उठली आणि त्यांना घेऊन वाडीत चरायला गेली. माझी असीलची अंडी मागे तशीच, गार होत चाललेली. वहिनींचा मला फोन आला. "भाऊ, एक गडबड झाली, पन तुम्ही घाबरू नका." मी स्कूटर काढली. रस्ताभर मी पास्कूला काय काय बोलणार हे ठरवत होतो. खरं सांगायचं तर रागाच्या खाली थोडं बरंही वाटत होतं. एकदाचा चुकला होता. आता ग्रुपवर सगळ्यांना कळेल, असं मनात येत होतं.

जाऊन बघतो तर घरात टीव्ही चालू, क्रिकेटची मॅच. टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सवर पंचा अंथरलेला, त्यात माझी सहा अंडी, बाजूला वाटीत पाणी. बॉक्स तापतो ना, त्याची ऊब. "टीवी बंद नाय करायचा," पास्कूने घरात हुकूमच काढला होता. वहिनी मॅचच्या आवाजात रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि वीज गेली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. पास्कूने अंडी एकेक करून उचलली, गंजीफ्रॉकमध्ये पोटावर ठेवली आणि आरामखुर्चीत आडवा झाला. वीज दुपारभर आली नाही. तो हलला नाही. वहिनींनी त्याला बशीने चहा पाजला. माशी नाकावर बसली तर म्हणाला, "अरून, हाकल रं तिला." आणि मी, क्वालिटी कंट्रोलमध्ये जन्म काढलेला माणूस, वर्तमानपत्राची घडी घेऊन त्याच्या नाकावरच्या माश्या हाकलत बसलो.

चार पिल्लं निघाली. वीज आल्यावर तीन दिवसांनी, त्याच पंच्यावर, मॅच चालू असताना. मिलिंदने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. "काका, सॉलिड ना! अंकलने पोटावर अंडी उबवली, मतलब पोटावर!" चूक पास्कूची, अंडी माझी, कोंबडी माझी मेलेली, आणि कौतुक कोणाचं? दोनशे माणसांनी अंगठे दाखवले. 'ज्यांची अंडी होती ते काका कोण?' असं एकानेही विचारलं नाही.

बरं, रीतीप्रमाणे अर्धी पिल्लं त्याची. त्याने एकही घेतलं नाही. "तुजी कोंबरी गेली रं, तू ने सगली." त्याच्या अशा वागण्याने तर मला जास्तच त्रास व्हायचा. मनसोक्त रागावू द्यायचा नाही.

त्या चारांतला एक कोंबडा झाला, आईसारखा उंच. मी त्याला हाताने दाणे भरवून वाढवला. मोठा झाला तसा तो मला ओचकारायला लागला. माझ्या पोटऱ्यांवर त्याच्या नख्यांच्या खुणा अजून आहेत. एका रविवारी पास्कू आमच्याकडे आला, फाटकातून आत शिरला आणि तो कोंबडा वाडीच्या टोकापासून पंख पसरून धावत सुटला. मला वाटलं, आता पास्कूचं काही खरं नाही. मनात म्हटलं, होऊ दे एकदा. कोंबडा गेला आणि त्याच्या पायाशी जाऊन मान खाली घालून उभा राहिला. पास्कूने त्याच्या तुऱ्याला बोट लावलं. "वलखतोय रं मना. पोटात होता ना माज्या."

सुलभा म्हणाली, "किती गोड!" मी आत जाऊन विष्ठेचे ट्रे धुवायला घेतले, स्वच्छ होते तरी.

मग पास्कूला खोकला लागला. आधी सगळ्यांना वाटलं हवेचा असेल. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा वहिनींनी त्याला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली आहे, आता पक्षी बंद. कमी नाही, बंद. वाडीतसुद्धा नकोत. ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहितो. वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ, श्वास घ्यायलाही न थांबता, आलं: सिंगापूर कोणाला मिळणार?

पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांना बोलावलं. तोंडाला मास्क लावून तो ओटीवर बसला होता, आणि कोंबड्या बांबूच्या डालग्यांखाली झाकून ठेवलेल्या, म्हणजे त्याच्याकडे धावत येऊ नयेत. वहिनी एकेक काढून देत होत्या. रॉटरडॅम याला, कोलंबो त्याला. मिलिंदला गॅलरीपुरते लावे मिळाले. तो रडायला लागला. शेवटी एकच डालगं उरलं. खाली कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मिलिंद डोळे पुसून पुढे सरकला. मी मागेच थांबलो होतो. माझ्या मनातलं कोणाला दिसू नये म्हणून मी केळीच्या घडाकडे बघत होतो.

"अरूनला दे," पास्कू म्हणाला. "त्याला कवापासून पायजे हाय. तोंडावर दिसतं त्याच्या."

सगळे हसले. मीही हसलो. कान मात्र तापले होते. म्हणजे याला ठाऊक होतं, इतकी वर्षं. मी चहा पीत बसायचो तेव्हा, माश्या हाकलत होतो तेव्हाही. आणि तरी तो मला बोलवायचा, शेजारी खुर्ची टाकायचा. त्याने एखादी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

सिंगापूर माझ्याकडे आली. पहिले काही दिवस ती कुंपणाशी उभी राहून भुईगावच्या दिशेला मान करायची, निदान मला तसं वाटायचं. मी ठरवलं होतं, हिला टोचायचं नाही, पकडायचं नाही, पिसं उचकून बघायचं नाही. मी नुसता शेजारी बसायला लागलो. शिळे पाव आणायला लागलो. चहात बुडवताना सुलभाने बघितलं. हळूहळू ती जवळ यायला लागली. आणि एके दिवशी मी फाटकातून आत आलो, चप्पल वाजली, आणि केळीच्या मागून ती धावत आली, दोन्ही बाजूंना डुलत. मी पिशवी तशीच खाली ठेवली. घरात जाऊन सुलभाला सांगावंसं वाटलं, पण साठी उलटलेल्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग ती खुडुक झाली. मी तिच्याखाली फक्त लाव्याची अंडी ठेवली आणि एकदाही हात घातला नाही. पिल्लं निघाली, तुरुतुरु पळणारी, तिच्या पंखांखाली शिरणारी. माझ्या वाडीत, माझ्या कोंबडीखाली. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकायच्या आधी पास्कूला पाठवला. मला त्याला दाखवायचं होतं. आनंदाने दाखवायचं होतं की डिवचायला, हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

तो दुसऱ्याच दिवशी आला. मुलीकडे जायची तयारी चालली होती, सामान बांधून झालं होतं. आत येणार नाही म्हणाला, डॉक्टरांनी नको म्हटलंय. रस्त्यावर, फाटकाच्या बाहेर उभा राहिला. किती बारीक झाला होता! गंजीफ्रॉकच्या जागी पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडावर मास्क. मी आत, सिंगापूर पिल्लांना घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर माती उकरत होती.

"काय गो सिंगापूर," तो म्हणाला.

तिने मान वर केली. एका डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. आता ही जाणार, पिल्लं टाकून जाणार, असं वाटलं.

"सिंगापूर, आलो गो मी."

तिने मान खाली घातली आणि पुन्हा माती उकरायला लागली. एक पिल्लू मागे पडलं तसं तिने त्याला हाक मारली आणि सगळ्यांना घेऊन माझ्या पायाशी आली.

मास्कमुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. डोळे दिसत होते. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग माझ्याकडे. ती नजर मला नवीन नव्हती. ती आतून कशी लागते हे मला पाठ होतं. आणि मला बरं वाटलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. त्याने तरी माझं कधी लपू दिलं होतं?

"तुजी झाली रं ती," तो म्हणाला. "चांगलं झालं. मना काळजी होती, जेवती का नाय."

"जेवते," मी म्हणालो. "सगळं खाते."

"पिल्लांच्या पान्यात खडे टाकलंस ना? बुरतात ती."

"टाकलेत."

"हां. तू टाकशीलच." त्याने फाटकाच्या गजांवर थोडा वेळ हात ठेवला. "निगतो. एलिस वाट बघतंय."

तो होळी बाजाराच्या दिशेने चालायला लागला. हळू, मध्येच थांबून दम खात. मी फाटकाशी येऊन उभा राहिलो. हाक मारावी, चहाला थांब म्हणावं, असं येत होतं तोंडावर. वळणापाशी कोणाच्या तरी कोंबड्या केळीच्या सालींच्या ढिगात चरत होत्या. कोणाच्या ते मलाही माहीत नाही. पास्कूने त्यांना कधी बघितलंसुद्धा नसेल. तो थांबला. इकडेतिकडे बघितलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि गुडघ्यांवर हात टेकत, जडपणे, रस्त्याच्या कडेला खाली बसला. काही बोलला असेल, इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही.

आधी एक आली. मग ढीग सोडून सगळ्याच आल्या, आणि एक पांढरी त्याच्या गुडघ्यावर चढून बसली.

सिंगापूर माझ्या चपलेवर चोच मारत होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही. मी त्या पांढरीकडे बघत होतो.